हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेन्स-संच : जैवपटलाच्या कसोटीवर

कॉन्टॅक्ट लेन्सच्या निर्जंतुकीकरणासाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे जे संच मिळतात, त्यांच्याविषयीचे बहुतेक अभिप्राय डोळ्यांना आराम किती पडतो, संध्याकाळपर्यंत कोरडेपणा येतो का आणि वापर सोपा आहे का, एवढ्यावरच थांबतात. हे प्रश्न गौण नाहीत. परंतु या संचाची खरी कसोटी वेगळी आहे असे मला वाटते. लेन्सच्या पृष्ठभागावर, आणि त्याहूनही अधिक लेन्सच्या डबीत, जिवाणू बायोफिल्म म्हणजेच जैवपटल तयार करतात. मोकळ्या जिवाणूंना सहज हरवणारी डोळ्याची संरक्षणव्यवस्था या जमलेल्या पटलापुढे अपुरी पडते. म्हणून हा संच जैवपटल जमू देतो का आणि जमलेले पटल तो काढू शकतो का, या दोन प्रश्नांच्या आधारे मी त्याकडे पाहणार आहे. मी अनेक वर्षे लेन्स वापरते आणि सध्या याच पद्धतीचा संच वापरते. कोणत्याही एका कंपनीची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही. एकाच टप्प्यात काम पूर्ण करणाऱ्या पेरॉक्साइड संचांची रचना जवळपास सारखीच असते.

संचात द्रावणाची बाटली आणि एक उभी डबी मिळते. बाटलीचे टोपण बहुधा लाल असते, कारण हे द्रावण थेट डोळ्यात गेले तर तीव्र आग होते आणि इजाही होऊ शकते. डबीच्या झाकणाला दोन्ही लेन्स ठेवण्यासाठी जाळीचे कप्पे जोडलेले असतात आणि तळाकडे प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती असते. द्रावण भरून झाकण लावले की चकतीच्या संपर्कात पेरॉक्साइडचे विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजन तयार होऊ लागतो, बुडबुडे उठतात आणि साधारण ६ तासांनी डबीत केवळ सौम्य खारे पाणी उरते. लेन्स त्यातून काढून थेट घालता येते. परिरक्षक रसायन मुळीच नसल्याने ज्यांच्या डोळ्यांना इतर सोल्युशन सोसत नाहीत, त्यांना हा संच सोसतो. सोयीविषयी एवढेच पुरे.

आता डोळ्याकडे वळू. उघड्या, निरोगी डोळ्याच्या पृष्ठभागावर जिवाणू सतत येत असतात, तरी संसर्ग क्वचितच होतो. पापणी मिनिटाला साधारण १० ते १५ वेळा मिटते आणि प्रत्येक वेळी अश्रूंचा थर पृष्ठभाग धुऊन काढतो. अश्रूंमध्ये जिवाणूंची भित्तिका तोडणारे लायसोझाइम असते, चिकटण्यास अटकाव करणारी प्रतिपिंडे असतात आणि लोह धरून ठेवणारे लॅक्टोफेरिन असते. यातील लॅक्टोफेरिनचे काम आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की लॅक्टोफेरिनने लोह काढून घेतले की सूडोमोनास एरुजिनोसा हे जिवाणू पृष्ठभागावर एका जागी स्थिरावत नाहीत, भटकत राहतात आणि त्यांचे पुंजके बनत नाहीत. म्हणजेच शरीराने जिवाणूंना मारण्याबरोबरच त्यांना वसाहत करू न देण्याचीही योजना केलेली आहे. जैवपटलाविरुद्ध उत्क्रांतीने शोधलेला सर्वांत शहाणा उपाय मला हाच वाटतो.

लेन्स घातली की या व्यवस्थेतील पहिला दुवा सैल होतो. मऊ लेन्सच्या मागे अडकलेल्या अश्रूंची अदलाबदल मंदावते, पापणीची पुसण्याची क्रिया कॉर्नियापर्यंत, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यापर्यंत, पोहोचत नाही आणि जिवाणूंना चिकटायला असा पृष्ठभाग मिळतो, जो शरीराचा नसल्यामुळे स्वतःचा बचाव करू शकत नाही. परकी वस्तू संसर्गाचे गणित किती बदलते, हे १९५७ साली त्वचेवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले होते. स्टॅफिलोकॉकसचे जिवाणू नुसते त्वचेत सोडले तर पू होण्यासाठी त्यांची संख्या लाखांच्या घरात लागे. तेच रेशमी टाक्यासोबत आत गेले तर काहीशे पुरत. त्या काळी जैवपटलाची संकल्पना रूढ नव्हती. कॅनडाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बिल कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली, निसर्गातील बहुसंख्य जिवाणू मोकळे पोहत नसून चिकटून समूहाने राहतात, ही मांडणी केली. तेव्हापासून टाक्यांवरील, कॅथेटरवरील, कृत्रिम सांध्यांवरील आणि लेन्सवरील संसर्गांचा एकत्र विचार होऊ लागला.

जैवपटलात जिवाणूंच्या गर्दीपेक्षा अधिक काही असते. चिकटलेले जिवाणू आपल्याभोवती एक आधारद्रव्य रचतात. त्यात शर्करेच्या लांब साखळ्या, प्रथिने आणि फुटलेल्या पेशींमधून बाहेर आलेला डीएनए असतो. प्रतिकारव्यवस्थेशी होणाऱ्या संघर्षात या प्रत्येक घटकाला काम असते. मोकळा जिवाणू रक्तात किंवा ऊतीत आला की पूरक प्रथिने आणि प्रतिपिंडे त्याच्या अंगावर बसतात आणि त्या खुणा ओळखून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. सूडोमोनासच्या पटलातील अल्जिनेट आणि पीएसएल या शर्करा नेमक्या याच पायरीत अडथळा आणतात. पूरक प्रथिने जिवाणूवर नीट बसू शकत नाहीत, त्यामुळे न्यूट्रोफिलला पकडण्यासाठी खूणच उरत नाही. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस या त्वचेवर राहणाऱ्या एरवी निरुपद्रवी जिवाणूची पीएनएजी नावाची शर्करा हेच करते आणि शरीरातील जिवाणूनाशक पेप्टाइडपासूनही त्याला वाचवते. आधारद्रव्यातील डीएनए मॅग्नेशियमसारखे आयन धरून ठेवतो; त्यांची टंचाई झाली की जिवाणू आपल्या बाह्य आवरणाची रचना बदलतो आणि ही पेप्टाइड त्याला पूर्वीसारखी इजा करू शकत नाहीत.

हा झाला निव्वळ बचाव. पटलातील जिवाणू प्रतिहल्लाही करतात, आणि तो संख्याबळ पाहून करतात. रासायनिक संदेशांच्या साहाय्याने आपली दाटी पुरेशी झाल्याचे कळताच सूडोमोनास ऱ्हॅम्नोलिपिड नावाचे द्रव्य स्रवतो. ते जवळ आलेल्या न्यूट्रोफिलचे आवरण फोडून त्याला मारते. मेलेल्या न्यूट्रोफिलमधून त्याचा डीएनए आणि अॅक्टिन हे प्रथिन बाहेर पडते, आणि प्रयोगशाळेत असे दिसले आहे की जिवाणू हाच मलबा आपल्या पटलासाठी वापरतात. न्यूट्रोफिलच्या उपस्थितीत लेन्सवरील सूडोमोनासचे पटल कमी न होता अधिक वाढते, हे निरीक्षण वाचल्यापासून लेन्सच्या स्वच्छतेकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. शरीराने पाठवलेली कुमक शत्रूच्या बांधकामात वापरली जात असेल, तर लेन्सवर पटल असताना शरीर बघून घेईल असे म्हणण्याला अर्थ उरत नाही.

त्यातून जो न्यूट्रोफिल वाचतो, त्याचीही अडचण आहे. त्याचा व्यास १० ते १५ मायक्रॉन असतो. सुटा जिवाणू तो सहज गिळतो, परंतु आपल्या आकाराहून कितीतरी मोठे आणि पृष्ठभागाला घट्ट धरलेले पटल त्याला गिळता येत नाही. अशा वेळी तो गिळण्याऐवजी आपली विकरे आणि जहाल ऑक्सिजन-संयुगे बाहेरच ओततो. पटलाला त्याने फारसे काही होत नाही. शेजारच्या ऊतीला मात्र इजा होते. कॉर्नियाच्या बाबतीत ही इजा विशेष क्रूर असते. कॉर्निया पारदर्शक आहे तो कोलॅजेनच्या तंतूंच्या अत्यंत नियमित मांडणीमुळे, आणि न्यूट्रोफिलची प्रथिनभंजक विकरे तीच मांडणी उद्ध्वस्त करतात. जिवाणू औषधाने मेल्यानंतरही मागे राहणारा पांढरट डाग आणि अधू झालेली दृष्टी यांचे बरेचसे कारण शरीराच्या या निष्फळ लढाईत असते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसातही हाच जिवाणू, हेच पटल आणि हीच कथा वर्षानुवर्षे चालते. त्यांच्या रक्तात या जिवाणूविरुद्ध भरपूर प्रतिपिंडे असतात, तरी संसर्ग हटत नाही आणि ऊतींची हानी वाढत जाते.

तरीही प्रतिकारव्यवस्था निरुपयोगी असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ साली उंदरांच्या डोळ्यांवर झालेल्या अभ्यासात, सूडोमोनासच्या पटलाभोवती न्यूट्रोफिलनी आपल्या डीएनएच्या जाळ्यांचे कुंपण उभे केलेले आढळले. पटल त्यांना संपवता आले नाही, पण त्या कुंपणामुळे जिवाणूंना डोळ्यातून मेंदूकडे पसरता आले नाही. शरीर या लढाईत जिंकत नसेल, पण ती एका जागी रोखून धरते.

आता पेरॉक्साइडच्या बाटलीकडे परत येण्यास कारण असे, की हायड्रोजन पेरॉक्साइड हे न्यूट्रोफिलचेही शस्त्र आहे. जिवाणू गिळल्यावर न्यूट्रोफिल ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, त्यापासून पेरॉक्साइड आणि पुढे हायपोक्लोरस आम्ल बनवतो. मग जे शस्त्र शरीराच्या हाती पटलापुढे बोथट होते, ते बाटलीतून का चालावे, ही शंका रास्त आहे. सूडोमोनासकडे कॅटलेज नावाचे विकर असते आणि ते पेरॉक्साइडचे पाणी करते. मोकळ्या जिवाणूकडे ते असूनही तो मरतो. पण पटलात हजारो जिवाणू थरांनी बसलेले असतात आणि पेरॉक्साइड आत झिरपण्याच्या वेगापेक्षा त्याचा नाश अधिक वेगाने होतो. २००० सालच्या एका प्रयोगात, कॅटलेजचे मुख्य जनुक नसलेल्या जिवाणूंच्या पटलात पेरॉक्साइड खोलवर पोहोचले, तर साध्या जिवाणूंच्या पटलात ते वरच्या थरांतच संपले. शिवाय खालच्या थरांतील जिवाणू अन्न आणि ऑक्सिजनच्या टंचाईमुळे मंद जगत असतात, आणि असे मंद जिवाणू बहुतेक रसायनांना दाद देत नाहीत.

फरक पडतो तो सांद्रतेमुळे. न्यूट्रोफिलच्या आसपास जमणारे पेरॉक्साइड अत्यल्प असते. बाटलीतील ३ टक्के द्रावण त्याच्या हजारो पट तीव्र असते आणि पातळ, कोवळ्या पटलातील कॅटलेज त्यापुढे पुरे पडत नाही. दिवसभर वापरलेल्या लेन्सवर जे काही चिकटलेले असते ते अजून कोवळे असते, आणि तेथे हा संच आपले काम चोख करतो असे मी निःशंकपणे म्हणेन. ऑक्सिजनचे बुडबुडे प्रथिनांचे साठे सुटे करायलाही थोडी मदत करतात. येथपर्यंत उत्पादनाला माझे पूर्ण गुण आहेत.

गुण कमी होतात ते डबीमुळे. एका टप्प्याच्या संचात प्लॅटिनमची चकती पहिल्या क्षणापासून कामाला लागते, त्यामुळे पेरॉक्साइडची तीव्रता पहिल्या काही मिनिटांतच झपाट्याने घसरते. वेष्टनावर ६ तास लिहिलेले असतात. त्यातला मोठा भाग द्रावण डोळ्याला सोसेल इतके सौम्य होण्याचा असतो, जिवाणू मरण्याचा नव्हे. पूर्वीच्या दोन टप्प्यांच्या पद्धतीत पूर्ण तीव्रतेचे द्रावण बराच वेळ राही आणि मग गोळी टाकून ते निष्प्रभ करावे लागे. ती पद्धत जंतूंवर अधिक कठोर होती, परंतु गोळी टाकायची राहून गेली तर डोळा भाजण्याचा धोका होता, म्हणून ती मागे पडली. हा तडजोडीचा निर्णय मला मान्य आहे. मात्र त्याचा परिणाम वापरणाऱ्याला कळायला हवा. द्रावण निष्प्रभ झाल्यावर डबीत जंतुनाशक असे काहीच उरत नाही. झाकणाच्या खाचेत किंवा जाळीच्या कडेला जुने पटल टिकले असेल, तर त्यातून सुटणाऱ्या जिवाणूंना त्या खाऱ्या पाण्यात अडवणारे कोणी नसते. म्हणून लेन्स त्याच पाण्यात किती दिवस ठेवता येतील याची मर्यादा पत्रकात पाहून पाळावी, आणि ती उलटल्यास नव्या द्रावणाने पूर्ण प्रक्रिया पुन्हा करावी.

वेष्टनावरील ९९.९ टक्के जंतू नष्ट होतात या दाव्याविषयी माझी तक्रार या एकाच संचाविरुद्ध नाही, संपूर्ण व्यवसायाविरुद्ध आहे. लेन्सच्या सोल्युशनसाठी असलेल्या आयएसओ १४७२९ या मानकाचा प्रमुख निकष असा, की ठरावीक वेळेत तीन जातींच्या जिवाणूंची संख्या हजारपट आणि दोन जातींच्या बुरशींची दहापट घटली पाहिजे. ही चाचणी द्रावणात मोकळ्या तरंगणाऱ्या जंतूंवर होते. पटलात बसलेल्या जंतूंविषयी ती काहीच सांगत नाही. याची किंमत २००६ साली दिसली, जेव्हा फ्युझेरियम बुरशीमुळे कॉर्नियाच्या संसर्गाची साथ अनेक देशांत पसरली आणि मानकाच्या चाचण्या उत्तीर्ण झालेले एक बहुउपयोगी सोल्युशन (धुणे, निर्जंतुक करणे आणि साठवणे एकाच द्रावणात करणारे) जगभरातून मागे घ्यावे लागले. नंतरच्या प्रयोगांत असे आढळले की चाचणीसाठी वापरला जाणारा बुरशीचा प्रमाणित वाण लेन्सवर नीट पटलच तयार करत नव्हता, तर रुग्णांकडून मिळालेले वाण ते करत होते आणि पटलात असताना सोल्युशनला जुमानत नव्हते. ते सोल्युशन पेरॉक्साइडचे नव्हते. तरीही चाचणीतील उणीव सर्वांना सारखीच लागू आहे, आणि वेष्टनावरचा आकडा वाचताना ती लक्षात ठेवावी.

अकांथअमीबाविषयीही येथेच सांगायला हवे. कॉर्नियाला संसर्ग करू शकणारा हा अमीबा पाण्यातून येतो आणि जिवाणूंवर जगतो, म्हणजे डबीतले जैवपटल हे त्याचे आयते अन्न असते. त्याची जाड भित्तिकेची कोष्ठे, म्हणजे त्याची सुप्त अवस्थेतील रूपे, मारण्यासाठी तीव्र पेरॉक्साइड काही तास टिकावे लागते, आणि एका टप्प्याच्या संचात ते टिकत नाही. त्यामुळे लेन्सला, डबीला किंवा ओल्या बोटांना नळाचे पाणी लागू न देणे हा नियम पेरॉक्साइड वापरणाऱ्यांनीही तितक्याच काटेकोरपणे पाळला पाहिजे. संचाच्या पत्रकात ही सूचना असते, पण ती बारीक अक्षरांत आणि कारण न देता असते. माणसे कारण कळले की नियम पाळतात, असा माझा विश्वास आहे.

वापराच्या पद्धतीत मी दोन गोष्टींची भर घालते. लेन्स जाळीत ठेवण्यापूर्वी ती निर्जंतुक सलाइनने तळहातावर हलके चोळून धुते, कारण चिकटलेल्या पटलाची पकड सोडवण्यात यांत्रिक घर्षणाची बरोबरी रसायन करत नाही. पापणीसुद्धा हेच काम घर्षणाने करते. सकाळी डबीतून लेन्स काढल्यावर डबी रिकामी करते, ताज्या द्रावणाने किंवा सलाइनने धुते आणि उघडी, पालथी ठेवून कोरडी होऊ देते. पटलाला ओलावा लागतो. दररोज काही तास कोरड्या राहणाऱ्या डबीत त्याची वाढ खुंटते. प्रत्येक नव्या बाटलीबरोबर येणारी नवी डबी वापरून जुनी टाकून द्यायची, हा या संचाचा माझ्या दृष्टीने सर्वांत मौल्यवान गुण आहे. उत्पादक तसे सांगतात ते चकतीची क्षमता कालांतराने कमी होते म्हणून. पण त्या निमित्ताने जुने पटलही डबीसकट जाते. ज्या संचांत सपाट डबी वापरावी लागते, तेथे अशी आपोआप होणारी बदली नसल्यामुळे तीच डबी वर्षभर वापरली जाण्याची शक्यता राहते. पेरॉक्साइड मात्र त्या सपाट डबीत कधीही भरू नये; तिच्यात प्लॅटिनम नसते, आणि सकाळी डोळ्यात तीव्र द्रावण जाईल.

हा संच कोणासाठी नाही, तेही स्पष्ट सांगते. जे लेन्स घालूनच झोपतात, त्यांना कोणत्याही सोल्युशनची श्रेष्ठता फारशी वाचवू शकत नाही. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागातल्या पाहणीत, मऊ लेन्स केवळ दिवसा वापरणाऱ्यांत कॉर्नियाच्या व्रणाचे प्रमाण वर्षाला १०,००० मागे ४.१ होते, तर रात्रीही लेन्स ठेवणाऱ्यांसाठीच्या प्रकारात २०.९. पुढे अधिक ऑक्सिजन जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आल्या, तरी रात्रीचा हा धोका अपेक्षेप्रमाणे घटला नाही. मिटलेल्या डोळ्यात पापणीची धुलाई थांबते, अश्रूंचा प्रवाह मंदावतो, न्यूट्रोफिल मोठ्या संख्येने जमतात, आणि लेन्सवर पटल असेल तर त्यांचे काय होते ते वर आलेच आहे. उंदरांना लेन्स घालून केलेल्या प्रयोगांत सूडोमोनासला संसर्ग घडवायला बरेच दिवस लागले. पण संसर्ग झालेल्या डोळ्यातील लेन्स दुसऱ्या उंदराला घातली तेव्हा तो खूप लवकर झाला, कारण तिच्या मागच्या बाजूवर पटल तयारच होते.

ज्यांना रोज नवी लेन्स घालून रात्री टाकून देणे परवडते, त्यांना या संचाची गरज नाही, आणि जैवपटलाच्या दृष्टीने त्यांची निवड अधिक सुरक्षित आहे. डबीच नसल्याने पटलाचा सर्वांत मोठा आश्रय नाहीसा होतो. बाकी सर्वांना, विशेषतः पंधरवड्याच्या किंवा महिन्याच्या लेन्स वापरणाऱ्यांना, मी बहुउपयोगी सोल्युशनपेक्षा हा संच निवडण्याची शिफारस करते. मात्र डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स लगेच काढावी आणि घरात असलेले स्टेरॉइडचे थेंब मनाने घालू नयेत, कारण ते प्रतिकारव्यवस्थेचे उरलेसुरले कुंपणही मोडतात. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि लेन्स व डबी न धुता सोबत न्यावी. कॉर्नियाच्या नमुन्यात जंतू सापडला नाही तरी डबीतील पटलात तो सापडू शकतो, आणि कोणते औषध द्यायचे हे ठरवायला त्याची मदत होते.